व्यापाऱ्याच्या पायरीवरचे बूट

त्याने बूट काढले... आणि निशिगंधाला वाटलं, आत्ताच्या आत्ता समोरच्या कालव्यात उडी मारावी.

ग्रँड कॅनॉलच्या काठावर लिननच्या कुठल्याशा व्यापाऱ्याने दोनेकशे वर्षांपूर्वी बांधलेलं घर विकायला निघालं होतं, एकेका मजल्याचा एकेक फ्लॅट करून. २००५ साल. शनिवार उजाडला की अख्खं डब्लिन घरं बघत फिरायचं. ऐपत होती तेही आणि नव्हती तेही. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. दगडी पायऱ्यांवरून रांग पार फुटपाथपर्यंत. आणि तिच्या पुढचाच हा उंच, सावळा पोरगा, सरळसरळ आपल्याकडचा, निळ्या चकचकीत दारापाशी वाकला, नाड्या सोडल्या, बूट भिंतीला नीट टेकवले आणि नुसत्या सॉक्सवर आत गेला. डाव्या सॉक्समधून अंगठा बाहेर!

"ब्लेस हिम," लहान पोराला म्हणावं तसं म्हणून ओर्ला हसली. ओर्ला तिची सँडीफोर्डच्या ऑफिसातली मैत्रीण. घर घ्यायचं होतं ते ओर्लाला.

निशिगंधाही हसली. खोटं. पुण्यात तिच्या घरी कोणी बुटांसकट उंबरा ओलांडला असता तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं. पण इथे आल्यापासून तिने एकच काम मन लावून केलं होतं – आपण वेगळ्या दिसायचं नाही. तिच्या उंची बुटांतल्या सॉक्सलाही भोक होतं. ते कोणाला दिसत नव्हतं, एवढाच फरक.

पहिल्या मजल्यावर दिवाणखान्याच्या छतावर प्लास्टरची फुलं, वेली, पक्षी. ती मान वर करून बघतच राहिली.

"रुखवतातली साखरेची फुलं वाटतात ना?" शेजारून मराठी आलं. तोच!

तिला हसू फुटलं. या वेळी खरं. "मी मराठी, हे कसं कळलं?"

"छत बघून 'अगंबाई' म्हणालात. मी संग्राम. टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. नागपूरचा. तुम्ही पुण्याच्या."

"कशावरून?"

"मी एवढं सगळं सांगितलं, तुम्ही अजून नाव नाही सांगितलंत."

"निशिगंधा. आणि काय हो, बूट कशाला काढले?"

"दुसऱ्याच्या घरात बुटांसकट कसं जायचं?"

"हे विकायला काढलंय."

"म्हणून घर नाही का ते?" तो म्हणाला. मग तिची नजर कुठे गेली ते बघून त्याने उजवं पाऊल हळूच डाव्यावर ठेवलं. "तिकडे नका बघू. नाईट करून तसाच आलोय. इकडे या... या खालच्या काचेतून बघा. जुनी काच आहे, हंस वाकडा दिसतो."

दोघं वाकले. पाणी थरथरत होतं, हंसाची मान गाठ मारल्यासारखी. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास. खांदा खांद्याला लागला नाही – पण लागला असता तर तिची हरकत नव्हती.

"वरच्या मजल्यावरून अजून मजा येईल. येता?"

"येते... मैत्रिणीला सांगून येते."

ती खाली आली. घर दाखवणारा एजंट दारात उभा, गळ्यात टाय. मेलेला उंदीर धरावा तसे दोन बोटांत ते बूट. एवढ्या सगळ्या गोऱ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवून तो नेमका तिच्यापाशी आला.

"तुमच्याबरोबरच्या माणसाचे का?"

तिलाच का विचारलं, ते तिला चांगलं कळलं. चीड त्या टायवाल्याची यायला हवी होती. आली संग्रामची. सगळे बघत होते. ओर्लाही.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याबरोबर कोणी नाही. कामगारांचे असतील."

एजंटने बूट नेऊन बाहेरच्या राडारोड्याच्या लोखंडी पेटीत भिरकावले. जिन्यात पावलं वाजली नाहीत. सॉक्सवरची वाजत नाहीत.

"कॉफी?" ओर्लाने विचारलं.

"चल."

आणि ती गेली. हो, गेली! पुलावर पोचल्यावर मात्र मान आपोआप वळली. संग्राम पायऱ्या उतरत होता. बूट कुठेत, असं त्याने कोणाला विचारलंसुद्धा नाही. सॉक्सवर ओला रस्ता ओलांडला आणि कालव्याकाठच्या बाकावर जाऊन पावसात बसला.

तिचे कान तापले. आता लाज त्याच्या अंगठ्याची नव्हती.

"ओर्ला, तू हो पुढे. ते बूट माझ्या ओळखीच्या माणसाचे आहेत."

"पण तू तर म्हणालीस—"

"खोटं बोलले."

ती पळत आली आणि सगळ्या रांगेदेखत त्या पेटीत चढली. "मिस! मिस!" एजंट ओरडला. "थांब रे जरा!" ती चक्क मराठीत ओरडली. एक बूट फुटक्या प्लास्टरखाली सापडला, दुसरा चिखलात. तीही गुडघ्यापर्यंत चिखलात.

बाकापाशी येऊन तिने बूट पुढे धरले. त्याने घेतले नाहीत.

"कामगारांचे ना?"

"...ऐकलंत?"

"जिन्यात होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला माझी लाज वाटत होती, ते दिसत होतं. चार लोकांत अजून कशाला लाजवू?"

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"वाटली," ती म्हणाली. "तुमचीच वाटली. आता माझी वाटतेय. आणि त्यात वाईट म्हणजे... तुम्ही मला आवडलात. तिथेच, काचेपाशी. माफ करा."

त्याने बूट घेतला, उलटा केला. भळकन पाणी सांडलं.

"आज नाही जमणार. राग आलाय."

"उद्या?"

"उद्या नाईट आहे." ओठांचा कोपरा मात्र हलला.

"मग आज निदान वरचा मजला तरी दाखवा... कबूल केलं होतंत."

"या अवतारात?"

"याच."

निळ्या दारापाशी त्याने पुन्हा बूट भिंतीला टेकवले. ती वाकली, आपले चिखलाने भरलेले बूट ओढून काढले आणि त्याच्या बुटांना खेटून ठेवले.

एजंट धावत आला. "आता हे कोणाचे?"

"आमचे," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "दोन्ही जोड. हात लावायचा नाही."

संग्राम खाली बघत होता. "अगंबाई! भोक तर तुमच्याही सॉक्सला आहे."

"आहेच."

तिने पाऊल लपवलं नाही. तो दोन पायऱ्या चढला, थांबला... आणि वळून न बघता हात मागे केला.