फलकावरचा चेहरा

प्रयोग ४१. दुपारी तीन.

आमच्या नाटकात उमरावाची बायको दोघी जणी करतात. एक दिवस मी, ओक हे-रिन. एक दिवस प्यो दा-ऑन. सोलमध्ये मोठ्या संगीत नाटकांची हीच रीत. गोष्ट जुन्या फ्रेंच कादंबरीवरची, गाणी तीच, गळा तेवढा बदलतो. आज कोणाचा गळा, ते बाहेरच्या फलकावरच्या फोटोवरून कळतं.

शेवटच्या प्रयोगाला पाळी नसते; तो कोणाचा, हे दिग्दर्शक नाम सर अजून सांगत नव्हते. मला तो हवा होता.

आज दा-ऑनची पाळी. नऊ वर्षांनी लहान, आणि तिची तिकिटं आधी संपतात.

मी फलकावरचा तिचा फोटो काढून माझा लावला. उगाच. मग वरच्या मजल्यावर शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

शेवटचा सूर तिने असा धरला, की मी टाळ्या न वाजवताच उठले.

प्रयोग ४२.

रंगपटात मला कपडे चढवताना कपडेपटातल्या मा मावशी म्हणाल्या, "काल काय गायलीस गं! विंगेत रडले मी."

"काल दा-ऑन होती."

"पुरे नखरे. हात वर कर."

मोबाईलवर प्रेक्षकांचं कौतुक. सगळीकडे माझंच नाव.

प्रयोग ४३. फोटो बदलला.

प्रयोग ४५. बदलला.

नंतर दा-ऑनने मला जिन्यात गाठलं. मेकअप तसाच.

"ताई, माझ्याशी कोणी बोलतच नाहीये. मीच गायले ना आज? तू वर होतीस. पाहिलंस ना मला?"

हो म्हणायला काय लागत होतं?

"मला काय कामं नाहीत, तुझे प्रयोग बघायला?" मी म्हणाले.

प्रयोग ४७.

फोटो बदलायला गेले. माझाच लावलेला होता. दा-ऑन कुठेच नव्हती. कोणी विचारलंही नाही.

नाम सर म्हणाले, "शेवटचा तुझा."

प्रयोग ६०. शेवटचा.

फलकावर माझाच फोटो होता. मागच्या दारावरच्या काकांनी मला अडवलं. "प्रेक्षकांनी पुढून जायचं, बाई."

"काका, चेष्टा नको. मी हे-रिन."

"ती केव्हाच आत गेलीय."

रंगपटाला आतून कडी. आत कोणीतरी सूर लावत होतं. माझ्या आवाजात.

मी वर, शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पडदा उघडला.

ती माझ्यासारखी चालली. शेवटचा सूर मात्र मला कधीच जमला नाही इतका लांब धरला.

मला तिचा हेवा वाटला.

लोक उभे राहिले. मीही टाळ्या वाजवल्या.

माझ्या टाळ्यांचा आवाज येईना.

"ताई, जरा पलीकडे सरक," शेजारून दा-ऑन म्हणाली. "आपल्यासारख्या अजून येणार आहेत."