पलंगाखालचं बारसं

तिकडे परदेशात, सेंगकांगला पाळणा मिळाला नसता असं नाही हो. पण आमच्या प्रबोधला प्रत्येक गोष्टीत स्वतःचं डोकं चालवायचं असतं! धाकटा भाऊ, बोलणार काय? त्यानं फ्लॅटमध्ये जुना चिनी पलंग आणला होता. शिसवी, वर छत, खाली कोरीव झालर. "ताई, एक खिळा नाही, सरस नाही. नुसतं लाकडात लाकूड अडकवलेलं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. म्हणाला, बारसं यावरच करू. माझ्या व्हिसाच्या घोळात बाळ चार महिन्यांचं झालेलं. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?

भर दुपार होती. पलंग हॉलच्या मध्ये ओढला. अलीकडे मी, पलीकडे वल्लरीची, म्हणजे माझ्या भावजयीची, मैत्रीण उल्का. पाळण्याखालून देतात तसं बाळ पलंगाखालून द्यायचं, गादीवरून परत घ्यायचं.

"कुणी गोविंद घ्या..." म्हणत मी वाकले. खाली काळोख, जुन्या लाकडाचा कोंदट वास. हात लागले. मनगटात गार दगडी बांगडी होती. बाळाला त्यांनी नीट धरलं, मग मी सोडलं.

"ताई, द्या ना," पलीकडून उल्का म्हणाली. "केव्हाची हात पसरून बसलेय..."

मी खाली वाकून पाहिलं, तर नुसती फरशी.

वल्लरी किंचाळली. बाळाचं रडणं ऐकू येत होतं, पण पलंगाच्या खांबातून. प्रबोध वेड्यासारखा सांधे उपटत होता. काढायला ना खिळा, ना स्क्रू. "ताई, हे सुटत का नाही गं?" नखं तुटून रक्त आलं त्याच्या.

वल्लरीनं खांबाला तोंड लावलं. "द्या हो माझं बाळ... पाया पडते... द्या..."

रडणं थांबलं. झालरीखालून दुपट्याचं टोक आलं, मागोमाग बाळ. धडधाकट!

मी त्याला उराशी घट्ट धरलं. आधी नाव ठेवू, म्हणजे ते आपलं होईल, एवढंच मनात होतं. कानाशी तोंड नेलं, तर कान ओला. कुणाचे तरी ओठ आत्ताच टेकल्यासारखा.

"नील..." मी म्हटलं. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात पलंगाखालून कुणीतरी हळूच हाक मारली. काय नाव होतं, मला उच्चारताही येणार नाही.

आमचं पोर खुदकन हसलं, आणि खाली झेपावलं.