कोरं भूत

"पोलीस शोध थांबवणार आहेत हो!" कालपासून बेपत्ता असलेल्या चित्रकाराची बायको गुप्तहेराच्या दारातच मटकन बसली. "ते चित्र बघून म्हणतात, यांनी जीवच दिला!"

गुप्तहेराने चपला घातल्या. त्याचा मेहुणा चहा तसाच टाकून मागे धावला. भुतांच्या नुसत्या नावाने त्याची गाळण उडायची, पण बाईंचं रडणं त्याला ऐकवेना.

चित्रकार भयकथांची मुखपृष्ठं करायचा. स्टुडिओत भिंतभर भुतं. मधोमध ताजं चित्र: नदीवर तरंगणारं पांढरंफटक भूत, चेहरा खुद्द चित्रकाराचा.

"हुबेहूब की हो!" मेहुण्याने भुताच्या गालाला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

"हात आवर रे बाबा!" गुप्तहेर भिंतीवरची भुतं न्याहाळत म्हणाला. "बाई, ही कशी काढायचे?"

"दार लावून. फक्त मला बघू द्यायचे. भोवतीचा अंधार तेवढा रंगवायचे. भुताला रंग लावला की भूत मेलं, म्हणायचे."

चित्रकाराचा प्रकाशक कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. "परवा माझ्याकडून हसत गेले. असा माणूस जीव देईल?"

शेजारी उभ्या असलेल्या चित्रकाराच्या शिष्याचे डोळे सुजले होते. "काल सरांनी माझ्यासमोर हे भूत रंगवलं आणि नदीकडे निघून गेले. मीच अडवायला हवं होतं!"

"या तळघराला कुलूप का?" गुप्तहेराने शिष्याला विचारलं.

"पाणी भरलंय. पार दारापर्यंत."

मेहुणा दाराच्या फटीशी वाकला. नाकात धूळ जाऊन त्याला सटासट शिंका आल्या.

"तोड ते कुलूप!" गुप्तहेर ओरडला. "यांच्या भुतांना रंगच नाही, तिथे कोरा कागद आहे. याला पांढरा थापलाय. म्हणजे चित्र दुसऱ्याचं. आणि हा म्हणतो, माझ्यासमोर काढलं! मग नदीही याचीच थाप. दारापर्यंत पाणी असतं तर तुला धुळीने शिंका आल्या असत्या?"

कुलूप तुटलं. पायऱ्यांखाली चित्रकार निपचित पडला होता.

"भांडणात ढकललं... मला वाटलं, गेलेच!" शिष्य बोलून गेला. "इतकी वर्षं मी नुसती शीर्षकाची अक्षरं काढायची. भूत कसं काढतात ते एकदाही दाखवलं नाही!"

प्रकाशक उठून पुढे आला. "अरे, परवा तेच सांगायला आले होते. म्हणाले, पुढचं मुखपृष्ठ त्याचं. आता दार लावताना त्यालाही आत घेतो."

शिष्याने हंबरडा फोडला. मेहुण्याला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. चित्रकाराचा गार हात त्याच्या हातात होता आणि बाई मेहुण्याला गदागदा हलवून विचारत होत्या, "श्वास आहे ना हो? सांगा ना!"

त्याने चित्रकाराच्या नाकाशी बोट धरलं. तेच पांढरं बोट. कितीतरी वेळ काहीच लागेना.

"आहे," तो म्हणाला आणि स्वतःच रडू लागला. "आहे, बाई, आहे!"