पाऊण ठोका आधी

दवाखान्यात तिला सगळे ‘कानवाली’ म्हणत. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक सूर सोडायचे आणि त्याला कुठपर्यंत ऐकू येतं ते कागदावर उतरवायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. ‘ऐकू आल्यासारखं वाटतं’ या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आलं तर आलं, नाही तर नाही.

उरलेल्या वेळात ती गिटार वाजवायची. धाकटे भाऊजी ड्रमवर, त्यांचा एक मित्र बेसवर आणि लीड, म्हणजे गाण्याची मुख्य सुरावट, हिच्याकडे. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. मागच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकून भाऊजींनी कधी नव्हे ते तोंड वाकडं केलं. वहिनींचा सूर सुटतो आणि जागच्या जागी मरतो, म्हणाले. त्याच्यामागे थोडं शेपूट हवं. आता डिले पेडल घ्याच, प्रत्येक सुराची मागून नक्कल काढणारा.

म्हणून शनिवारी ती दुकानात गेली. दुकानदाराने तीन पेडल काढून ठेवले. पहिला सुराची हुबेहूब नक्कल परत करायचा. मूळ आणि नक्कल एकमेकांच्या पायात पाय घालू लागले. दुसऱ्याचा आवाज जुन्या टेपसारखा डुलायचा. दोन मिनिटं बरं वाटलं, मग मळमळायला लागलं. तिसरा वापरलेला होता, रंग उडालेला. त्याची प्रत्येक नक्कल आधीच्यापेक्षा मऊ आणि अंधुक होत जायची, मूळ सुराला वाट देऊन मागे सरकायची. लीडला हेच हवं होतं. तो खोक्यात भरता भरता दुकानदार सहज बोलून गेला, की हा दोनदा विकला गेला आणि दोनदा परत आला. बिघाड मात्र कधी सापडला नाही.

रविवारी सकाळी नवरा बाजारात गेल्यावर तिने पेडल लावला. गाणं मिनिटाला एकशेवीस ठोक्यांचं, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. नक्कल पाऊण ठोक्याने यावी म्हणून वेळेचं बटण तिने तीनशे पंच्याहत्तर मिलिसेकंदांवर आणलं. नकला तीनच. त्यांचा आवाज मूळ सुराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे लीड चिखलात रुतणार नाही. लीडची एक ओळ वाजवून तिने फोनवर रेकॉर्ड केली आणि ऐकायला बसली.

आधी एक अगदी पुसट सूर आला. मग तोच, थोडा मोठा. मग आणखी मोठा. त्यानंतर तिने वाजवलेला सूर. आणि त्याच्यामागे काहीच नाही.

रेकॉर्डिंग उलटं वाजतंय, असं तिला वाटलं. पण मध्येच आलेला तिचा खोकला सुलटा होता. तिने वायरी बदलल्या, अ‍ॅम्प बदलला, फोन बाजूला ठेवला आणि नुसत्या कानांनी ऐकलं. बोट तारेला लागायच्या आधी सूर येत होता. एकदा त्या नकलेत एक बेसूर स्वर आला, सगळ्यात बारीक तारेवरचा. ती तार छेडायचीच नाही, असं तिने ठरवलं. दातओठ खाऊन हात सांभाळला. बोट घसरलं ते नेमकं त्याच तारेवर, त्याच जागी.

तिने गिटार खाली ठेवली. दुपारी ती दवाखान्यात जाऊन स्वतःच्याच कानांची तपासणी करून आली. कान ठणठणीत होते.

चार वाजता तालमीच्या खोलीवर भाऊजी आधीच आले होते. मित्राला तासाभराने यायचं होतं. खोली एका गोदामाच्या तळघरात होती. भिंतींना फोम, एकच जाड दार. तिने सगळं सांगितलं. भाऊजी हसले नाहीत, पण ड्रमच्या स्टुलावरून उठलेही नाहीत. दाखवा, एवढंच म्हणाले.

तिने वेळेचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तिथे आकडा नव्हता. गिटार मांडीवर ठेवून तिने तारांवर सपाट हात दाबला, म्हणजे काही वाजणार नाही.

बराच वेळ अ‍ॅम्पची नुसती घरघर होती. मग त्या घरघरीच्या आतून, खूप लांबून, तीन टकटकी. आणि एक आवाज. शब्द कळले नाहीत.

इलेक्ट्रिक गिटारीला फक्त तारा ऐकू येतात, माणसांचा आवाज नाही. हे दोघांनाही माहीत होतं. भाऊजींनी हातातल्या काठ्या हळूच खाली ठेवल्या.

मिनिटभराने पुन्हा. टक, टक, टक. या वेळी शब्द कळले.

“वहिनी, दार उघडा.”

आवाज भाऊजींचा होता. ते तिच्यासमोर बसले होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

“हा मी नाही,” ते म्हणाले. “मी असं कधी म्हटलेलंच नाही.”

तुम्हाला ते अजून म्हणायचंय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. तिने वायर उपसली. लाल दिवा विझला. घरघर थांबली.

“चला, भाऊजी. आत्ताच्या आत्ता.”

सामान तसंच टाकून ती निघाली. पण दाराशी थांबून तिने त्यांना आधी बाहेर काढलं, अगदी दंडाला धरून. मागे वळून खोली नीट पाहिली. स्टूल, ड्रम, अ‍ॅम्प, जमिनीवर पेडल. कोणी नव्हतं. मगच दिवा घालवला, दार ओढलं, बाहेरून किल्ली फिरवली. किल्ली मुठीत घट्ट धरली.

भाऊजी शेजारी उभे होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

त्या दारातून ड्रमचा आवाजसुद्धा धड बाहेर येत नसे.

टक. टक. टक.

“वहिनी, दार उघडा.”

आता तो आवाज जराही पुसट नव्हता.

भाऊजींनी तिच्या हातातली किल्ली पाहिली आणि मान हलवली. नको, नको. पण माणूस कोणताही असो, आत अडकून हाक मारतोय आणि आपण जिना चढून निघून गेलो, हे तिला जमणारं नव्हतं. तिने किल्ली लावली. दार ढकललं. दिवा लावला.

स्टूल, ड्रम, अ‍ॅम्प, पेडल. सगळं जागच्या जागी.

“कोण आहे?” भाऊजींनी बाहेरूनच विचारलं.

“कोणी नाही.”

दार पुन्हा ओढायला तिने आतली मूठ धरली. लोखंडी मूठ. ती ऊबदार होती, घामाने ओली, कुणी बराच वेळ धरून ठेवल्यासारखी.