चार नंबरला खाली रम

दीपमालानं टॉवेलात गुंडाळलेली चौकट टेबलावर ठेवली, तेव्हा हरिसिंगला वाटलं, आला आणखी एक मेलेल्या माणसाचा फोटो. त्या वर्षी तसंच चाललं होतं. कापसाला भाव नव्हता, जिनिंगच्या आवारात कुत्री झोपलेली असायची, आणि सत्यशीलाबाईंच्या यवतमाळच्या कचेरीत फक्त मरणाच्या चौकशा यायच्या. विमा कंपन्या विचारायच्या, सत्यशीलाबाई शोधायच्या आणि हरिसिंग जीप चालवायचा. मरणघरी चहा पिऊन पिऊन त्याला चहाचाच कंटाळा आला होता.

"जय भीम, ताई," म्हणून दीपमालानं टॉवेल सोडला.

आत फोटो नव्हता, प्रमाणपत्र होतं. श्रावण भगत यांनी जबाबदारीने मद्यसेवा करण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण केलं, असं छापलेलं. खाली नागपूरच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेचा शिक्का.

"दारू वाढाचंही शिक्षण असते?" हरिसिंगच्या तोंडून निघूनच गेलं.

"असते ना, भाऊ. कोणाले द्याची, कोणाले थांबवाची, ते शिकोते. माहे मालक वणीच्या पायल बारमंधी वेटर हायेत. पर्वा आमच्या वस्तीतले नानाजी तिथून पिऊन निघाले अन् वळणावर कोळशाच्या ट्रकखाली आले. ठाणेदार म्हणते, श्रावणनं बेहिशोब पाजली. शिकेल माणसानं पाजली म्हणून गुन्हा मोठा. शिकला नसता तर सुटला असता म्हणे!" तिनं पदर तोंडाला लावला. "ताई, नानाजीनंच आमचं लग्न जमोलं होतं. उद्या कोर्टात उभं करतीन ते करतीन. पण सारी वणी म्हणून राह्यली का श्रावणनं नानाजीले मारलं. त्यायनं जेवण सोडलं हाये."

सत्यशीलाबाई उठल्या. पन्नाशीची ठेंगणी बाई, पण एकदा उठली की थांबायची नाही. "हरिसिंगभाऊ, जीप काढा."

हरिसिंगनं मनातल्या मनात आपल्या बंजारा बोलीत 'याडी!', म्हणजे 'आई गं!', म्हटलं आणि किल्ली घेतली. करंजी, मारेगाव करत वणीला पोचेपर्यंत त्याची कंबर गेली कामातून.

ठाण्यातल्या कोठडीत श्रावण भिंतीला टेकून बसला होता. सडपातळ माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"किती दिलीस?" बाईंनी सरळ विचारलं.

"त्यायची नेहमीची देल्ली. मंग जीभ जड झाली, एकच गोष्ट फिरून फिरून सांगाले लागले. वर्गात हेच शिकोलं होतं, जीभ पाहा, डोळे पाहा. म्या थांबोलं."

"नाही म्हणालास?"

"चारचौघात नाई म्हणाचं नसते, ताई. माणसाचा पाणउतारा होते, अन् तो उठून दुसऱ्या बारमंधी जाते. तोच ग्लास, तोच रंग, पण आतमंधी दारू नाई. खाली कोला अन् सोडा. आमचे सर म्हणत, ग्लास खाली, गिऱ्हाईक वर! म्या काउंटरले आवाज देल्ला, चार नंबरले खाली रम. मागतली तेवढ्या वेळा तोच आवाज. गाडीची चाबी बी काढून घेतली. पायी गेले ते."

बाजूला उभे असलेले ठाणेदार हसले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. "ऐकलंत? खाली रम, म्हणजे नुसती रम. न पाणी, न सोडा. आरोपी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, अन् काउंटरवाल्या विक्कीचा जबाबही तोच आहे."

"साहेब, खाली म्हंजे रिकामी!"

"रिकामी रम कशी असते, मले दाखव एकदा."

हरिसिंगला ठाणेदाराचं पटलं. त्याच्या तांड्यावर कोणी 'खाली भाकर दे' म्हटलं, तर कोरडीच भाकर मिळायची.

"विक्कीला ही खूण माहीत होती?" बाईंनी विचारलं.

"रोजचीच होती. तो वर्गात नाई आलता. माह्या संगं मालकाचं, बबनरावचं नाव होतं, पण त्यायची तुकडी मंगची. त्यायनंच विक्कीले सांगतलं अशीन."

"त्या संध्याकाळी काउंटरवर विक्की होता, हे तू पाहिलंस?"

श्रावण थबकला. "काउंटरले जाळी हाये, ताई. ग्लासापुरती खिडकी. त्यात लाईन गेलती, जाळीमांगं अंधार गुडुप. येरवी आवाज देल्ला का विक्की 'आली!' म्हणते. त्या दिवशी ग्लास गुपचाप सरकला. मले वाटलं, बर्फ नाई म्हणून चिडला अशीन."

"वास आला नाही?"

"बारमंधी वास कोणाले येते, ताई?"

बाई उठता उठता थांबल्या. "वर्गात तुमची चैन असेल. चाखायला मिळत असेल."

"कायची चैन? थेंब नोता. चहाचं पाणी भरून शिकोत होते." मग तो एकदम रडायलाच लागला. "जाताना नानाजीनं माह्या डोक्श्यावर हात ठेवला. म्हणाले, श्रावण्या, आज माह्या मनासारखं केलंस. म्या थांबोलं ते त्यायले समजलं होतं, ताई. त्यायले पटलं होतं. अन् लोक म्हणते म्या मारलं!"

हरिसिंगनं तोंड फिरवलं. माणूस खोटं बोलत असेल तर मोठाच नट म्हणायचा.

पायल बार दुपारचा ओस होता. भिंतीवर दोन खिळे. एक रिकामा, दुसऱ्यावर बबनरावांचं प्रमाणपत्र. खुद्द बबनराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पंख्याखाली बसलेले.

"लई वाईट झालं, बाई. मी तर त्या संध्याकाळी घरीच होतो. काउंटर विक्कीच पाहते."

"तुम्हीही शिकलेले दिसता," बाई चौकटीकडे पाहत म्हणाल्या. "नागपूरला तीन दिवस मजा असेल. चाखायला देतात म्हणे."

"मंग! एकाहून एक माल होता," बबनराव खुलले. "पोट भरलं पण मन नाई भरलं."

स्वयंपाकघरात नंदाबाई चकण्याचे शेंगदाणे परतत होत्या. त्यांची तक्रार वेगळीच होती. "मले कोण विचारते? त्या दिवशी लाईन गेली, फ्रीजमधल्या बर्फाचं पानी पानी. मंग बर्फाचं पोतं माह्याच चुलीपासून ओढत नेलं, सारा चिखल. त्यात माहा पाय घसरला. उठतच होतो, तं बाहेर बोंब झाली का नानाजी गेले."

हरिसिंगनं त्यांच्या सुजलेल्या पायाकडे पाहून च्यक् च्यक् केलं. त्याला स्वतःचा गुडघा आठवला.

विक्की काउंटरच्या जाळीमागे फडकं मारत होता. पंचविशीचा पोरगा, पण नजर वर करत नव्हता.

"खाली रम म्हणजे काय, विक्की?"

"नुसती रम. न पानी, न सोडा. श्रावणनं मागतली, म्या देल्ली." पाठ केल्यासारखं बोलला.

"दुसरा काही अर्थ?"

"नाई मालूम."

"लाईन गेली की फार पळापळ होत असेल तुझी."

"होते ना. बर्फ आणाचं काम माहंच. फॅक्टरी पार रेल्वे फाटकापाशी. मालक तं जाणार नाईत." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "गरम पेग पाहून गिऱ्हाईक शिव्या देते. तरी ऐकून घ्या लागते. आपल्याले गिऱ्हाईक वर ठेवा लागते."

बाई दारापाशी गेल्या, आणि तिथून वळून म्हणाल्या, "हरिसिंगभाऊ, थकलात तुम्ही. घ्या एक. विक्की, भाऊला खाली रम दे रे."

हरिसिंगचा कानांवर विश्वास बसेना. दहा वर्षांत बाईंनी त्याला कामावर बिडीसुद्धा ओढू दिली नव्हती.

"आली!" विक्कीनं सवयीनं आवाज दिला आणि ग्लास सरकवला. हरिसिंगनं डोळे मिटून घोट घेतला. गोड लागली. वासही नाही. सर्दीनं नाक चोंदलं होतं, त्याचाच प्रताप. नशिबात एकदा सुख आलं तेही फिकं! तरी ग्लास त्यानं रिकामा केला.

"चला, आता ठाण्यावर," बाई म्हणाल्या. "जीप तुम्हीच चालवा."

हे मात्र त्याला अजिबात कळलं नाही.

तासाभरात सगळे बारमध्ये जमले. ठाणेदार खुर्चीत, विक्की आणि नंदाबाई भिंतीशी. बाईंनी बबनरावांना जाळीमागे जायला सांगितलं.

"मी कायले?"

"मालक आहात, एक ग्लास तर भराल?"

बबनराव कुरकुरत आत गेले. बाईंनी चार नंबरच्या टेबलापासून खणखणीत आवाज दिला, "चार नंबरला खाली रम!"

आतून उत्तर आलं नाही. ग्लास गुपचूप खिडकीतून सरकला. ठाणेदारांनी वास घेतला आणि मान मागे घेतली. काठोकाठ रम, पाण्याचा टिपूस नाही.

"मंग?" ते म्हणाले. "कोणीही हेच देईन."

"विक्कीनं नाही दिलं. मघाशी मी हेच शब्द म्हटले, तर त्यानं हरिसिंगभाऊंना कोला आणि सोडा दिला."

"काय?" हरिसिंग उडालाच.

"भाऊ, दारू प्यायलेल्या माणसाला मी जीप चालवू देईन का? विक्कीची जीभ म्हणते खूण माहीत नाही, पण हाताला पाठ आहे. म्हणजे श्रावण खरं बोलतो, खूण रोजची होती. मग ही खूण ऐकून त्या संध्याकाळी नुसती रम भरणारा माणूस विक्की नव्हता. विक्की 'आली' म्हणतो, तो माणूस गप्प राहिला. लाईन गेली की बर्फाला विक्कीच जातो, हे तो स्वतःच बोलला. आणि बर्फाचं पोतं आत आलं, तेव्हा नंदाबाई त्याच्या पाण्यात पडल्या. उठतात न उठतात तर नानाजी गेल्याची बोंब. नानाजी पीत होते तेव्हा विक्की रेल्वे फाटकाकडे होता."

नंदाबाई म्हणाल्या, "हाव, पोतं यानंच ओढलं. मले कोणी विचारलंच नाई."

"मग जाळीमागे कोण होतं? गल्ल्यावर बसण्याचा हक्क मालकालाच असतो."

"मी घरी होतो!" जाळीमागून बबनराव ओरडले. "अन् मी शिकेल माणूस हाओ. मले खूण मालूम नसती काय?"

"तेच विचारते. वर्गात तीन दिवस चहाचं पाणी होतं, आणि तुम्ही एकाहून एक माल चाखून आलात! 'ग्लास खाली, गिऱ्हाईक वर' हे तिथल्या सरांचं बोलणं. श्रावणच्या तोंडी आहे, विक्कीच्याही तोंडी आहे. तुमच्या नाही. विक्की, यांच्या नावानं वर्गात तू बसलास ना?"

विक्की मटकन खाली बसला. "मालक म्हणाले, तीन दिवस कोण बसन, तूच जाय. अन् पर्वा म्हणाले, मी घरी होतो असं सांग, नाईतर खोट्या नावानं बसला म्हणून तूच आत जाशीन. श्रावणचं तोंड पाहावत नाई मले, साहेब."

"झूट बोलून राह्यला हा!" बबनराव जाळीला धरून गदागदा हलवत होते. "अन् माहा काय गुन्हा? तो खाली रम, खाली रम मागून राह्यला, म्या देऊन राह्यलो! मले काय मालूम खाली म्हंजे..."

त्यांनी जाळी सोडली.

"आता मालूम झालं," ठाणेदार थकल्या आवाजात म्हणाले. त्यांनी भिंतीवरची चौकट काढून काखेत मारली. "चला, बबनराव. घरी होते ना तुम्ही? आता काही दिवस घरी नाई जाता येनार."

दिवस कलायच्या आत श्रावण सुटला. दीपमाला ठाण्याच्या पायरीवरच बसलेली होती, टॉवेलातली चौकट मांडीवर घेऊन. तिनं डबा उघडला. त्यानं दोन दिवसांत पहिला घास घेतला आणि तिला रडू फुटलं.

"माणूस तं वापस येत नाई, ताई," श्रावण हात धुऊन म्हणाला. "पण म्या त्यायले थांबोलं होतं, हे आता सारी वणी म्हणन. अन् नानाजीले तं तेव्हाच मालूम होतं. डोक्श्यावर हात ठेवून सांगतलं ना, माह्या मनासारखं केलंस म्हणून. तेवढ्यावर जगीन मी."

हरिसिंग मान डोलवायला गेला, आणि मान जागच्या जागी राहिली. नानाजीच्या ग्लासात कोला नव्हताच. नुसती रम होती, मागतील तेवढी. ते खूश झाले ते त्या रमवर. पोरगा आपल्यासाठी विरघळला, असंच त्यांना वाटलं असणार. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात सत्यशीलाबाईंचा हात त्याच्या मनगटावर आला. बाई त्याच्याकडे पाहतही नव्हत्या.

"हो रे बाबा," त्या श्रावणला म्हणाल्या. "त्यांना समजलं होतं."

दीपमालानं डबा बंद केला. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा हरिसिंगकडे, आणि लगेच नजर चौकटीकडे वळवली. काचेवरची धूळ ती पदरानं पुसत राहिली. तिलाही कळलं होतं, हे हरिसिंगनं ओळखलं. ती नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. पोरी वाट पाहून राह्यल्या."

जीपनं मारेगाव मागे टाकलं.

"ताई," शेवटी हरिसिंग म्हणाला, "आयुष्यभर सत्य शोधून राह्यल्या तुम्ही. अन् आज..."

"आज थकले, भाऊ," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. हरिसिंगनं जीप हळू केली, म्हणजे खड्डे लागू नयेत.