डावरी गाठ

पावसाची झड लागली की दर्यापूरकडच्या काळ्या वावरांत पाय ठेवायची सोय राहत नाही. गावातले लोक भजी तळत घरात बसतात. भागीरथेच्या भोईपुऱ्यात मात्र हीच खरी सुगी. गढूळ पाण्यात अंड्यावर आलेले मासे धार कापत पूर्णा नदीतून नाल्यात चढतात, आणि अरुंद जागी बांबूचे पिंजरे त्यांची वाटच बघत असतात.

पिंजरा विणायची एक रीत होती. कामट्या अंबाडीच्या दोरीनं बांधायच्या आणि गाठीची टोकं बाहेरच ठेवायची. आत राहिली तर माशांचे खवले निघतात. भागीरथेचा नवरा पंजाबराव डावरा, सगळं काम डाव्या हातानं करणारा. त्याची गाठ उलटी वळायची, आणि त्यावरून सगळा भोईपुरा त्याला चिडवायचा.

गेल्या वर्षीच्या झडीत तो पिंजरा उचलायला गेला, तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. भागीरथेनं बांगड्या उतरवल्या नव्हत्या, आणि धाकटा दीर बंडू आता क्रियेसाठी तिच्या मागे लागला होता.

“वैनी, दादा आता काई येत नाई. पोळ्याच्या आधी त्याचा पुतळा जाळून क्रिया उरकून टाकू.”

“तुमाले काहून घाई झाली, भाऊजी? डोयानं पाह्यल्याबिगर मी नाई मानत.”

यंदा पुरातल्या एका ओंडक्यानं तिचा पिंजरा एका बाजूनं फोडला. सकाळी दुरुस्त करू म्हणून ती तशीच घरी आली. सकाळी बंडूला घेऊन गेली, तर भोक बुजलेलं. दोरी शेवाळलेली, गाठ मात्र उलटी वळलेली.

भागीरथेला आनंदानं रडूच फुटलं. “जिवंत हायेत! पाहा ना भाऊजी, त्यायचीच गाठ!”

बंडू काठावरच उभा राहिला. “मंग घरी काहून येत नाई?”

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. वरून भुरभुर चालूच होती. पिंजऱ्यात मासा एकही नव्हता.

तिनं गाठीवरून मायेनं बोट फिरवलं. मग टोकं चाचपली.

बाहेर टोकं नव्हतीच.

तिनं कामट्यांच्या फटीतून बोट आत घातलं. दोन्ही टोकं आत होती.

अशी गाठ आतूनच मारता येते. पिंजऱ्याच्या तोंडातून तर माणसाचं डोकंही गेलं नसतं.

“वैनी, काय झालं?”

“क्रिया उद्याच करा,” ती हळूच म्हणाली.

तिचं बोट अजून गाठीवरच होतं. बोटाखाली गाठ सावकाश आवळली जात होती.