मॅडम, मी काय दाबलं होतं?

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला खोटी वाटली तर वाटू दे. खोटी निघाली तर मलाच सुटल्यासारखं होईल.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. चप्पल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. बाहेर लख्ख ऊन, समोर पाच-सहा माणसं. घाबरायची ती वेळच नव्हती.

पण आधी घड्याळकाकांबद्दल सांगायला हवं.

मी मोठ्या माणसांना शिकवते. माउस कसा धरायचा इथपासून ते व्हिडिओचे तुकडे कापून कसे जोडायचे, इथपर्यंत. काका आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून घरी बसलेले. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, पण म्हणायचे मॅडमच. सगळं वहीत उतरवून घ्यायचे. 'कंट्रोल एस, म्हणजे जपून ठेवा. कंट्रोल झेड, म्हणजे चूक मागे घ्या.'

सेव्ह केलं की नखाने टेबलावर दोनदा वाजवायचे. टक टक. दुरुस्त झालेल्या घड्याळाच्या काचेवर वाजवायची जुनी सवय.

"काका, टेबल आहे ते, बंद पडायचं नाही," मी चिडवायचे.

"खात्री केलेली बरी हो," ते हसायचे.

ते एकाच कामासाठी आले होते. एक्केचाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी. "अहो, ते बंद करा आधी, आणि जेवायला या." बस, एवढंच. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज तेवढाच उरला होता. मागेपुढे तिचे फोटो जोडून त्यांना छोटीशी फिल्म करायची होती.

त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस निघाला. मी व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि पेनड्राइव्ह पुसून साफ केला. फोल्डरला नाव दिलं नाही. 'नवीन फोल्डर ३' तसाच राहिला. फोल्डरला नाव द्या, महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती ठेवा, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावते. बजावायला काय जातंय.

क्लासबरोबर मी गिऱ्हाइकांना व्हिडिओही बनवून देते. दहा दिवसांनी असाच एक बनवताना कॉम्प्युटरमधली जागा संपली. मी घाईत होते. तीन-चार फोल्डर न उघडताच कायमचे उडवले.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपलं काम उघडलं. बायकोच्या जागी लाल चौकोन. 'फाइल सापडत नाही.'

मला त्याच क्षणी कळलं.

आणि मी म्हणाले, "काका, तुमच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझीच माफी मागू लागले. "असेल हो. हात थरथरतो हल्ली." मग बोट वर करून, शाळेतल्या मुलासारखं, विचारलं, "मॅडम, पण मी काय दाबलं होतं?"

"आता कसं सांगणार?" मी वेळ मारून नेली आणि दुसऱ्यांकडे वळले. क्लास सुटेपर्यंत ते कंट्रोल झेड दाबत बसले होते.

संध्याकाळी मी सगळे उपाय करून पाहिले. काही हाती लागलं नाही. काका पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. मी त्यांच्या घरी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

तर तो मंगळवार.

त्यांचा चार नंबरचा कॉम्प्युटर बंद होता. मी सगळ्यांना म्हटलं, "चला, आता सेव्ह करा."

आणि चार नंबरच्या टेबलावर…

टक टक.

कोणी मान वर केली नाही. खालच्या दुकानातली हातोडी असेल, असं मी मनाला सांगितलं. मग आठवलं, मंगळवारी ते दुकान बंद असतं.

पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, व्हिडिओच्या शेवटी हा काळा पडदा कशाला ठेवलात?" मी ठेवला नव्हता. मोजून पाहिला… एक्केचाळीस सेकंद. कापला, पुन्हा बनवला. पुन्हा तेवढाच. आवाज वाढवून ऐकलं. कोणीतरी श्वास घेत होतं. काहीतरी विचारायच्या आधी घेतात तसा.

पंधरा दिवसांपूर्वी काकांची मुलगी आली.

"बाबा तुमचं फार कौतुक करायचे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी एकच घोकत होते, तिचा आवाज मीच पुसला म्हणून. किती समजावलं, पण जेवण गेलं त्यांचं."

सांगायची हीच वेळ होती. मी तिला बसायला खुर्ची दिली.

तिने पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "बाबांचा एवढा एकच व्हिडिओ आहे, मॅडम. मला जोडायला शिकवाल? आणि बाबांचीच जागा द्या." मग जरा घुटमळून, "सांभाळा हं. दुसरी प्रत नाही."

मी तिच्यासमोरच तीन प्रती केल्या. फोल्डरला नाव दिलं. मग व्हिडिओ लावला.

काका खिडकीशी बसून घड्याळ खोलत होते. खाली मान, डोळ्याला भिंग. मग त्यांनी भिंग काढलं… मान वर केली… आणि माझ्याकडे पाहिलं.

बोट वर केलं.

"मॅडम, मी काय दाबलं होतं?"

मी खुर्ची झटक्यात मागे सारली. मुलगी शेजारी डोळे पुसत हसत होती. "बघा ना, एक शब्द बोलत नाहीत. नुसतं आपलं घड्याळ." मग माझ्याकडे वळली. "काय झालं मॅडम?"

"काही नाही," मी म्हणाले.

ती मंगळवारी आणि शुक्रवारी येते. दर वेळी व्हिडिओ लावते. दर वेळी काका तेच विचारतात, आणि उत्तराची वाट बघत थांबतात.

उद्या शुक्रवार आहे. 'तुम्ही काही दाबलं नव्हतं काका, मी दाबलं होतं.' तिच्यासमोर एवढं म्हणायला चार सेकंद लागतील. घरी मोजून पाहिलेत.

ते एक्केचाळीस सेकंद थांबतात.